सोल का सुटतो?

बुटाचा सोल सुटला की आपण सोल्यूशनला शिव्या घालतो, नाहीतर ते लावणाऱ्या कारागिराला. माझ्या मामूंचा कुर्ल्यात चपला-बुटांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पोटमाळ्यासकट एक खोली, सात कारागीर आणि भिंतीला टेकवलेले फर्मे. शाळेच्या सुट्टीत मी तिथे मोजणी आणि पॅकिंग करायचो. दुकानदाराकडून परत आलेला जोड मामू खिडकीशी नेत, सुटलेल्या सोलची आतली बाजू बोटाने चाचपत आणि निकाल देत. सोलवर चामड्याचे तंतू किंवा चामड्यावर रबराचे कण राहिलेले असले, तर जोडणी चांगली होती, मालच कमजोर निघाला. पण वाळलेल्या सोल्यूशनचा पापुद्रा सोलवरून अख्खा आणि गुळगुळीत सुटून आला असेल, तर दोष सोल्यूशनचा नाही. "सोल तयारच केला नव्हता, बेटा," एवढंच म्हणत.

हे 'तयार करणं' म्हणजे काय, ते मला पुढे पॉलिमर शिकताना कळलं. पाण्याचा थेंब स्वच्छ काचेवर पसरतो. पॉलिथिनवर तो मण्यासारखा उभा राहतो. जो द्रव पसरतच नाही तो धरणार कसा? सोल्यूशनही लावताना द्रवच असतं. द्रवाला स्वतःवर पसरू देण्याची प्रत्येक पृष्ठभागाची एक ताकद असते आणि ती दर सेंटिमीटरला डाइनमध्ये मोजतात. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२, तर पॉलिथिनची ही ताकद जेमतेम ३१. पॉलिस्टर ४२-४३ च्या आसपास. टेफ्लॉन २० च्या आसपास, म्हणून तर तव्यावर डोसा चिकटत नाही.

मग पॉलिथिनच्या दुधाच्या पिशवीवर छपाई टिकते कशी? छापण्याआधी ती फिल्म उच्च दाबाच्या विजेच्या जांभळट झोतातून नेतात. याला कोरोना ट्रीटमेंट म्हणतात. (विषाणू गाजण्याच्या कितीतरी आधीचं नाव आहे हे.) डेन्मार्कच्या व्हर्नर आयस्बी या अभियंत्याने १९५१ च्या सुमारास ही पद्धत काढली. विजेमुळे फिल्मच्या वरच्या थरात ऑक्सिजनचे रासायनिक गट बसतात आणि ३१ चा आकडा ३८-४० वर जातो. शाईला पकडायला काहीतरी मिळतं. मला यातली मौज वाटते ती खोलीची. बदल होतो फक्त काही नॅनोमीटरचा, आत प्लास्टिक होतं तसंच राहतं. आणि हा परिणाम कायमचा नसतो. फिल्म गोदामात पडून राहिली की तो हळूहळू उतरतो, मग छापण्याआधी पुन्हा वीज दाखवावी लागते.

धाग्यांचंही असंच आहे. टायरच्या आत कापडी दोऱ्यांचा सांगाडा असतो. जुन्या टायरमध्ये तो सुती असे. सुताला आखूड तंतूंची लव असते, ती रबरात रुतून बसायची. पुढे रेयॉनचे लांबलचक गुळगुळीत धागे आले आणि रबर त्यांच्यावरून सुटू लागलं. १९३० च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या चार्च यांनी त्यावर उपाय काढला: रिसॉर्सिनॉल, फॉर्माल्डिहाइड आणि रबराचा चीक यांच्या मिश्रणात धागा बुडवून भाजायचा. नायलॉनलाही तीच बुडी चालते. पॉलिस्टर मात्र अडून बसतं, त्याला या बुडीबरोबर आणखी वेगळं रसायन लागतं. आपल्याकडे गांधीनगरच्या इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चने अंगोरा सशाच्या लोकरीवर प्लाझ्माचा प्रयोग केला. ही लोकर इतकी निसरडी की नुसती तिचीच सूतकताई कठीण, तंतू झडत राहतात. विजेने भारलेल्या वायूतून गेल्यावर तंतूंचा पृष्ठभाग खरबरीत होतो आणि ते एकमेकांना धरतात. ना पाणी, ना रसायन.

कुर्ल्याच्या त्या खोलीत मात्र प्लाझ्मा नव्हता. तिथे होतं बफिंगचं चाक, पॉलिश पेपर, ब्रश आणि थिनरचा डबा. चामड्याचा वरचा गुळगुळीत थर तंतू उघडे पडेपर्यंत घासायचा, पण जास्त नाही, नाहीतर तिथेच फाटतो. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर. त्याला जपून हात लावायचा. साच्यातून सुटावा म्हणून सोलला लावलेला तेलकट पदार्थ पुसून काढायचा. रबराच्या सोलला क्लोरीन सोडणाऱ्या पावडरचं द्रावण लावायचं. त्याने रबराचा वरचा थर बदलतो आणि मग सोल्यूशन त्याला धरतं. मामू त्याला नुसतं 'पावडरचं पाणी' म्हणत, पण ते पाणी नव्हतं, पावडर सॉल्व्हंटमध्येच विरघळवलेली असे. पीव्हीसीच्या सोलमध्ये त्याला मऊ ठेवणारं तेल असतं. ते हळूहळू वर येतं आणि निओप्रिनच्या साध्या सोल्यूशनला लिबलिबीत करतं, म्हणून तिथे पीयूचं सोल्यूशन. हे सगळं तिथल्या कारागिरांना तोंडपाठ होतं. त्यांच्यापैकी कोणीही दहावीपर्यंत शिकलेलं नव्हतं.

पुसणं आणि चिकटवणं दोन्ही सॉल्व्हंटवर चालायचं, आणि खोलीला एकच खिडकी होती. पेस्टिंगला बसणारे एक चाचा होते, चाळिशीचे. त्यांना आधी बोटांत मुंग्या यायला लागल्या. मग पायातली चप्पल चालताना निसटू लागली आणि पोटमाळ्याच्या शिडीवर पाय अडखळू लागला. कोणी साखर म्हणालं, कोणी अशक्तपणा. बऱ्याच महिन्यांनी एका डॉक्टरने त्यांना विचारलं, "काम काय करता?" तोवर हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. निदान झालं थिनरमधल्या हेक्झेनमुळे नसा खराब झाल्याचं. काम थांबवल्यावरही काही आठवडे दुखणं वाढतच गेलं, या विषाची ती रीतच आहे. सावरायला वर्षाहून जास्त लागलं. पूर्ण सावरले असं म्हणवत नाही.

यात नवीन काहीच नव्हतं. जपानमध्ये १९६० च्या दशकात घरी बसून सँडल चिकटवणाऱ्या लोकांमध्ये याच हेक्झेनने नसांच्या आजाराची साथच आली होती. आणि इस्तंबूलमध्ये मुझफ्फर अक्सोय नावाच्या रक्तविकारतज्ज्ञाने १९७४ साली जे छापलं ते वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. तिथल्या बुटांच्या छोट्या, कोंदट कारखान्यांत बेंझिन असलेली सोल्यूशनं वापरात होती. २८,५०० कामगारांमध्ये त्यांना रक्ताच्या कर्करोगाचे किंवा त्याच्या उंबरठ्यावरचे २६ रुग्ण सापडले. सर्वसाधारण लोकांच्या दुपटीच्या आसपास हे प्रमाण जात होतं. बेंझिन आणि रक्ताचा कर्करोग यांचं नातं जगाने मान्य करण्यात या डॉक्टरचा मोठा वाटा आहे. मला त्यांच्याविषयी आदर आहे तो यासाठी की दवाखान्यात आलेल्या माणसाला त्यांनी त्याचा धंदा विचारला.

आता कारखाना मामेभाऊ चालवतो. त्याच्याकडे हल्ली मागणी असते हलक्या ईव्हीए सोलच्या बुटांची. हा पदार्थ पॉलिथिनचाच भाऊबंद, सहजी कशालाही धरत नाही. त्याला खास प्रायमर लावून अतिनील दिव्याखालून काढावं लागतं. मी त्याला पाण्यावर आधारलेल्या पीयू सोल्यूशनबद्दल सांगितलं. त्यात सॉल्व्हंट जवळजवळ नसतंच. तो हसला. ते त्याने माझ्याआधीच वापरून पाहिलं होतं. ते वाळायला गरम हवेची भट्टी लागते. आणि सॉल्व्हंटवालं सोल्यूशन लावता लावता थोडा तेलकटपणा स्वतःच विरघळवून घेतं, हे घेत नाही. म्हणजे सोल आणखी काळजीने तयार करायला हवा, जोडामागे वेळ जास्त लागणार. व्यापारी जोडामागे एक रुपया वाढवून द्यायला तयार नाही. "भाईजान, पुस्तकातलं सगळं खरं आहे," तो म्हणाला, "पण भट्टी ठेवायला जागा कुठाय, ते सांगा."

मला सांगता आलं नाही. तीन-चार कारखान्यांनी मिळून एक भट्टी आणि एक दिवा घ्यावा, असं मी सुचवलं. त्याने ते शेजारच्यांच्या कानावर घातलंय. एकजण तयार आहे, बाकीचे बघू म्हणतात. तोपर्यंत त्याने हेक्झेनचं थिनर बंद केलंय, थोडं महाग पडणारं दुसरं आणतो आणि डब्याला झाकण ठेवायची सक्ती केलीय. पेस्टिंगची जागा पोटमाळ्यावरून खाली आणली. घरमालकाशी दोन महिने भांडून मागची भिंत फोडून घेतली आणि तिथे हवा बाहेर ओढणारा मोठा पंखा बसवला. गेल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा तो चालू होता. आवाज इतका होता की आम्ही गल्लीत उभं राहून चहा प्यायलो.