आतला माणूस

२०१८ ची बकरी ईद. आम्ही रोह्याहून पेणला खालाकडे गेलो होतो. जेवणानंतर विषय निघाला पुण्याच्या कॉसमॉस बँकेचा. अकरा दिवसांपूर्वी, ११ ऑगस्टला, हॅकरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे ८० कोटी काढले. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळवले. मिळून ९४ कोटी ४२ लाख!

"आतल्या माणसाशिवाय हे होणारच नाही," मामू ठामपणे म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. पेणमध्ये हे लगेच पटते. २०१० मध्ये पेण अर्बन बँक बुडाली ती हॅकरांमुळे नव्हे, बोगस कर्जखात्यांमुळे.

धाकट्या खालाचा मुलगा रोह्यात मोबाइल दुरुस्ती करतो. तो म्हणाला, "मामू, आपण कार्ड घातले की एटीएम आधी स्विच नावाच्या सर्व्हरला विचारते. तो बँकेला विचारतो, खात्यात पैसे आहेत का? चोरांनी मध्येच खोटा स्विच बसवला. तो बँकेला न विचारताच प्रत्येक बनावट कार्डाला 'हो, द्या' म्हणत राहिला. म्हणून तर खातेदारांच्या खात्यातून पैसे वजा झाले नाहीत, बँकेचेच गेले."

"पण खोटा स्विच बसवायला आत कोणीतरी हवाच!"

"व्हायरस दुरूनही सोडता येतो, मामू." मग तो हळूच म्हणाला, "रमजानमध्ये मीही आतलाच माणूस होतो ना?"

दस्तरखानावर कोणी बोलेना. रमजानमध्ये खालाच्या खात्यातून अठरा हजार गेले होते. एटीएम कार्ड यानेच काढून दिले होते, पिनही याला ठाऊक. संशय याच्यावरच गेला. तोंडावर कोणी बोलले नाही, पण घरी बोलावणे बंद झाले. पुढे कळले, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या कुणाला तरी खालाने स्वतःच फोनवर ओटीपी सांगितला होता. ते कळल्यावरही त्याची माफी कोणी मागितली नाही. मीसुद्धा नाही.

सूरह हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करायला आणि गुमानापासून दूर राहायला सांगितले आहे. आम्ही सगळे ती सूरह वाचतो. तरी पैसे गेले की आधी जवळच्या माणसाकडेच बोट दाखवतो.

त्या दिवशी खालाने त्याला जवळ बसवून घेतले. "बेटा, चूक माझी होती," एवढेच म्हणाली. मामूंनी पान लावून त्याच्यापुढे धरले. मी परतीच्या गाडीत, नागोठणे गेल्यावर, कशीबशी माफी मागितली.

कॉसमॉस प्रकरणात २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने उत्तर कोरियाच्या हॅकरांकडे बोट दाखवले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली. त्या तपासाला साडेचार वर्षे लागली. आम्ही मात्र एका मुलाला एका संध्याकाळीत दोषी ठरवून मोकळे झालो होतो.