लाल कार्बनचं तिकीट आणि आईचा बोर्डिंग पास

विमानाचं तिकीट म्हणजे एक छोटी पुस्तिका असायची, हे आज विशीतल्या मुलांना समजावून सांगावं लागतं. पातळ पानं, पानांच्या पाठीला लाल कार्बनचा थर, आणि एजंटने बॉलपेन दाबून लिहिलेली नावं खालच्या प्रतींवर लालसर उमटलेली. आडनाव आधी, मग तिरकी रेघ, मग नाव, आणि शेवटी मिस्टर किंवा मिसेस. जाण्याचं एक कूपन, येण्याचं दुसरं. पुस्तिका हाताळली की बोटांना लाल डाग लागायचा. ती हरवली तर नवी मिळवण्यासाठी अर्ज आणि खेटे, म्हणून तिला पैशांइतकंच जपायचं.

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही अंदमानला गेलो तेव्हा बाबांच्या चामड्याच्या पाऊचमध्ये अशा पाच पुस्तिका होत्या. आई, बाबा, आत्या, धाकटा भाऊ आणि मी. मराठी घरात अंदमान म्हटलं की समुद्राच्या आधी सेल्युलर जेल आठवतं, सावरकरांची कोठडी आठवते. आत्याला ती कोठडी डोळ्यांनी पाहायची होती आणि त्यासाठी बाबांनी पोस्टातली आवर्ती ठेव मोडली होती. दादरहून रेल्वेने मद्रास आणि तिथून इंडियन एअरलाइन्सचं बोइंग 737. विमानाचा तुकडा तेवढाच, पण सगळ्या सहलीची धाकधूक त्याच तुकड्यात साठलेली.

अंदमानातल्या पोर्ट ब्लेअरची विमानं सकाळची, त्यामुळे आम्ही अंधारातच मद्रासच्या मीनंबाक्कम विमानतळावर पोचलो. आधी सामान एक्स-रेच्या यंत्रातून काढायचं. बाहेर आलेल्या बॅगेला प्लॅस्टिकची पट्टी आवळून बांधायचे, की मग ती उघडायची सोय नाही. आत्याची गोळ्यांची डबी नेमकी अशाच एका बॅगेत गेली होती आणि पट्टी बांधणाऱ्या माणसाने काही न बोलता ती कापली, डबी काढू दिली, बॅग पुन्हा यंत्रातून नेली आणि नवी पट्टी बांधली. मग काउंटरची रांग. माणशी वीस किलोची मुभा होती. पाच जणांचं वजन एकत्र धरतात हे कळल्यावर बाबांनी सोडलेला निःश्वास मला अजून ऐकू येतो.

काउंटरवरच्या बाईंनी पाचही पुस्तिका उघडून कूपनं फाडून घेतली. आम्ही सगळे एका घरचे आहोत हे त्यांना सांगावं लागलं नाही. आत्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि इंग्रजीत एवढंच विचारलं, "लहान मुलाला खिडकी देऊ ना?" पुढे ठेवलेल्या आसनांच्या तक्त्यावरून क्रमांकाच्या छोट्या चिकटपट्ट्या काढून त्यांनी एकेका जाड बोर्डिंग कार्डावर लावल्या. तिघं एका ओळीत, दोघं बरोबर मागच्या ओळीत. जागा निवडायला कुठलाही पडदा नव्हता, दर नव्हता. जो लवकर येईल त्याला चांगली जागा आणि कुटुंबाला शक्यतो शेजारी जागा, हा त्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा निर्णय. तो दर वेळी आपल्या बाजूने लागायचाच असं नाही. उशिरा आलेल्या कुटुंबांची पांगापांग तेव्हाही व्हायची. पण विनंती ऐकून घ्यायला समोर कुणीतरी असायचं.

हातातल्या प्रत्येक पिशवीला दोऱ्याने कागदी टॅग बांधायचा, सुरक्षा तपासणीत त्या टॅगवर शिक्का, बोर्डिंग कार्डावर शिक्का. आईच्या पर्सचा टॅग कुठे तरी गळून पडला आणि तिला तपासणीला पुन्हा उभं राहावं लागलं. त्यानंतर आम्ही भावंडं मिनिटामिनिटाला टॅग मोजत होतो.

सगळ्यात विलक्षण गोष्ट मात्र विमानाच्या पायथ्याशी होती. तिथे सगळ्यांच्या बॅगा उघड्यावर ओळीने मांडलेल्या असत. आपापली बॅग बोटाने दाखवायची, मगच ती विमानाच्या पोटात चढायची. न ओळखलेली बॅग जमिनीवरच राहायची. 1985 साली एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान ज्या बॅगेतल्या बॉम्बने पडलं, त्या बॅगेचा मालक विमानात चढलाच नव्हता. त्यानंतर प्रवासी आणि सामान यांची जुळणी सगळीकडे कडक झाली आणि आपल्याकडे ती अशी डोळ्यांसमोर व्हायची. आमची हिरवी होल्डऑल आणि दोन सुटकेस बाबांनी दाखवल्या तेव्हा भावाने त्यांना हात लावून निरोप दिला. आज बॅग काउंटरच्या पट्ट्यावरून नाहीशी होते आणि तिची तपासणी आत कुठे तरी होते. सोय आहे, वेळ वाचतो. पण आपली बॅग आपल्याबरोबर येते आहे याची तशी खात्री मला पुन्हा कधी वाटली नाही.

पोर्ट ब्लेअरला पोचल्यावर बाबांनी सर्वांत आधी काय पाहिलं असेल? विमान कंपनीचं कार्यालय. परतीचं तिकीट 'ओके' असलं तरी ते पुन्हा पक्कं करावं लागायचं, 72 तास आधी, नाहीतर जागा दुसऱ्याला जाण्याची भीती. त्यामुळे आम्ही कोठड्यांची ओळ पाहत असताना बाबा त्या कार्यालयाच्या बाकावर बसले होते. आत्याबरोबर जेल बघायचं त्यांचं राहिलं आणि दुसऱ्या दिवशी ते एकटेच जाऊन आले. त्या काळाबद्दल कितीही गोडवा वाटला, तरी बाबांचा तो वेळ मला परत आणावासा वाटत नाही.

मधल्या वर्षांत बदल भराभर होत गेले. 2003 साली एअर डेक्कन आली आणि ज्यांनी विमान फक्त गच्चीवरून पाहिलं होतं, अशी माणसं त्यात बसू लागली. 1 जून 2008 पासून विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे आयाटाने, कागदी तिकिटं थांबवली आणि लाल कार्बनची पुस्तिका संपली. हातातल्या पिशव्यांच्या टॅगवरचा शिक्का 1 एप्रिल 2017 पासून मुंबई, दिल्लीसह सात मोठ्या विमानतळांवर बंद झाला. करोनाच्या टाळेबंदीनंतर 25 मे 2020 रोजी देशांतर्गत उड्डाणं सुरू झाली, तेव्हा घरूनच चेक-इन करून येणं सक्तीचं होतं. ज्यांच्याकडे छपाईची सोय नव्हती, त्यांनी बॅगेवर लावायचा कागदही हाताने लिहून आणायचा होता. घरून चेक-इन करायची सवय आपल्याला खरी लागली ती तेव्हा.

अलीकडे आम्ही पुन्हा अंदमानला गेलो. आत्या आणि बाबा आता नाहीत. आई आहे, भाऊ, त्याची बायको, त्यांची दोन मुलं आणि मी. आताही चेन्नईमार्गेच, पण मुंबईत दिलेली बॅग थेट तिकडेच मिळाली आणि दोन्ही उड्डाणांचे पास एकदमच हातात आले. ज्या पोर्ट ब्लेअरला उतरलो त्याचं सरकारी नाव आता श्री विजयपुरम झालं आहे. विमानतळाला वीर सावरकरांचं नाव आहे, आणि जुलै 2023 मध्ये उद्घाटन झालेली त्याची शिंपल्याच्या आकाराची नवी इमारत पाहून आई दारातच थांबली. परतीचं तिकीट पक्कं करायला कुणालाही कुठे जावं लागलं नाही. सगळे मिळून जेलमध्ये गेलो, सगळे मिळून बाहेर आलो. हा नव्या पद्धतीचा फार मोठा उपकार आहे.

पण चेक-इनची रात्र वेगळीच होती. उड्डाणाच्या 48 तास आधी भावाच्या फोनवर आसनांचा रंगीत नकाशा उघडला. खिडकीला एक दर, पुढच्या ओळींना दुसरा, पाय पसरायला जागा हवी तर तिसरा. मोफतच्या जागा स्वीकारल्या तर आई एका टोकाला, मुलं दुसऱ्या टोकाला. शेजारी बसण्यासाठी दोन्ही उड्डाणांचे मिळून हजारो रुपये भरले. मला हे चुकीचंच वाटतं. जास्तीचं सामान, जेवण, ऐसपैस जागा यांचे पैसे जरूर घ्यावेत. पण नातवाने आजीच्या शेजारी बसणं ही चैन नव्हे. एप्रिल 2024 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना बजावलं, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच आरक्षणातल्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा मिळालीच पाहिजे. चांगलं केलं. पण म्हाताऱ्या माणसांसाठी असं काही त्यात नव्हतं.

विमानतळाच्या दाराशी भावाने सहाही जणांचे पास स्वतःच्या फोनवर दाखवले. तरुण मंडळी डिजियात्राच्या दारातून चेहरा दाखवून आत जात होती. डिसेंबर 2022 मध्ये दिल्ली, बंगळूरु आणि वाराणसीला सुरू झालेली ही सोय आता बऱ्याच शहरांत पोचली आहे. रांग हलते, कागद लागत नाही. आई मात्र हात पुढे करून उभी होती. "माझा पास कुठाय? मला माझा दे." फोनमध्ये आहे, म्हटल्यावर ती म्हणाली, "फोन तुझा आहे. तू पाणी आणायला गेलास आणि मला कुणी हटकलं तर मी काय दाखवू?"

तिचं बरोबर होतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला अनोळखी गर्दीत आपण कोण, कुठे निघालो, कुठल्या दारातून जायचं, हे स्वतःच्या हातात धरता आलं पाहिजे. काउंटरवरच्या मुलाने तिचे दोन्ही पास लगेच छापून दिले. तिने चष्मा लावून आपलं नाव वाचलं, आसन क्रमांक वाचला, ते पर्समध्ये ठेवले आणि त्यानंतर पूर्ण प्रवासात ती कुणावर अवलंबून नव्हती. गेटवर पास तिने स्वतः पुढे केला. पहिल्या सहलीची जाड कार्डं तिने अल्बममध्ये लावली आहेत, त्यांच्यावरचा मजकूर अजून स्पष्ट आहे. आताचे पास उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असतात. ती अक्षरं काही वर्षांत उडतात, म्हणून या वेळी मी तिच्या पासांच्या झेरॉक्स काढून ठेवल्या.

घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन सहलीला निघणार असाल, तर तुमचे पास खुशाल फोनवर ठेवा, पण त्यांचे काउंटरवरून छापून घ्या. छापील बोर्डिंग पाससाठी विमान कंपनीने वेगळे पैसे घेऊ नयेत, असं नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै 2022 मध्येच स्पष्ट केलं आहे. देशांतर्गत उड्डाणाचं काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं, तेव्हा त्या हिशेबाने घरून लवकर निघा.