बिघडलेल्या सुराचा छंद

आमच्या दिवाणखान्यातल्या कपाटाचा खालचा खण मी कुलूप लावून ठेवतो. त्यात दागिने नाहीत की घराची कागदपत्रे नाहीत. त्यात अकरा डबे आहेत. पानाच्या डब्याएवढे, धातूचे. कोणी पिवळा, कोणी नारिंगी, कोणी हिरवा, कोणी काळा. प्रत्येकाच्या पाठीवर दोन-चार बटणे आणि पायाने दाबायची सोय. गिटार वाजवणारा तारांचा आवाज ह्या डब्यातून नेतो, आणि पाय पडला की तो आवाज बिघडतो. चांगला गोड सूर फाटतो, गुरगुरतो, खरखरतो. ह्या डब्यांना डिस्टॉर्शन पेडल म्हणतात. माझी सगळी पेडल जपानी आहेत आणि जुनी आहेत.

"म्हणजे चांगला आवाज बिघडवायला तुम्ही पैसे मोजता?" आमच्या सौ.ने पहिल्याच दिवशी विचारले होते. प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर मात्र मला सहा-सात वर्षे देता आले नाही.

बिघडलेल्या सुराला भाव कसा आला, ही हकिकत गमतीची आहे. १९६१ साली अमेरिकेत मार्टी रॉबिन्स ह्या गायकाचे 'डोन्ट वरी' हे गाणे निघाले. नॅशव्हिल शहरात ते ध्वनिमुद्रित होत असताना यंत्राचा एक भाग नादुरुस्त होता, आणि गाण्याच्या मधल्या गिटारचा आवाज डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा उमटला. तो काढून न टाकता तसाच ठेवला. पुढच्याच वर्षी हा बिघाड हुकमी घडवून आणणारे पेडल अमेरिकेत विक्रीला आले. जपानी कारखानदारही मागे राहिले नाहीत. शिन-एई कंपनीने बनवलेले सुपर-फझ हे पेडल युनिव्हॉक्स ह्या नावाने अमेरिकेत खपू लागले. १९७७ साली बॉस कंपनीचे पिवळे ओडी-वन आले, १९७८ साली नारिंगी डीएस-वन आले, आणि १९७९ साली आले हिरवे ट्यूब स्क्रीमर. ते सुसुमु तामुरा ह्या गृहस्थांनी रचले होते आणि आयबानेझ ह्या नावाने विकले जाई. आता ह्या जपानी डब्यांसाठी जगभरचे शौकीन जीव टाकतात. त्यांतलाच मी एक.

मला हे वेड लागले ते टोकियोत. २०१६ साली कचेरीच्या कामासाठी मी दोन वर्षांकरता तिथे गेलो. जिम्बोचो हा तिथला जुन्या पुस्तकांचा बाजार. आपल्या अप्पा बळवंत चौकाची थोरली बहीणच म्हणा ना. एका रविवारी पुस्तके चाळून झाल्यावर ओचानोमिझु स्टेशनाकडे चढणाऱ्या रस्त्याला लागलो, तर दोन्ही बाजूंना गिटारांचीच दुकाने! एका काचेच्या कपाटात जुनी पेडल ओळीने मांडलेली होती. कॉलेजात असताना मी गिटारवर चार सूर काढायला शिकलो होतो. ती हौस पोटात कुठेतरी निजलेली होती. ती जागी झाली.

पुढे रविवार आणि सुट्ट्या ह्याच कामी खर्च होऊ लागल्या. मी त्या बाबतीत मोठा पंडित झालो. पेडल हातात आले की आधी उलटे करावे, तळाच्या पट्टीवर जपानचे नाव आहे की तैवानचे ते पाहावे, कारण बॉसचे उत्पादन पुढे तैवानला गेले. मग नंबर टिपावा. बॅटरीची जागा उघडून पाहावी. जुनी बॅटरी पाझरली असेल तर तिथे हिरवट बुरशीसारखे काहीतरी साचलेले दिसते. जपानी दुकानांत एका कोपऱ्यात 'जंक' अशी चिठ्ठी लावलेला माल असतो. त्याची हमी नाही, परत घेणे नाही. त्यातून एकदा ऐंशीच्या दशकातले एक नारिंगी पेडल मी स्वस्तात उचलले. घरी येऊन विजेला जोडले तर दिवा मिणमिणता आणि आवाज मेल्यासारखा. रात्रभर चडफडलो. दुसऱ्या दिवशी कळले की त्या काळच्या पेडलना वेगळ्या, जास्त दाबाच्या अडॅप्टरची सवय होती. नऊ व्होल्टची साधी बॅटरी घातली आणि पेडल गुरगुरू लागले. त्या दिवशीचा माझा आनंद काय वर्णावा!

ह्या बाजारात भाव कसे चढतात त्याचाही एक नमुना सांगतो. बॉसचे एचएम-टू हे काळे पेडल १९८३ साली निघाले आणि १९९१ साली बंद झाले. त्याच सुमारास स्वीडनमधल्या काही पोरांनी त्याची चारही बटणे उजवीकडे पार शेवटपर्यंत पिळली. त्यातून करवतीने लोखंड कापावे तसा आवाज निघाला. एन्टूम्ब्ड ह्या मंडळींची १९९०ची 'लेफ्ट हँड पाथ' ही ध्वनिमुद्रिका त्या आवाजाने गाजली. मग त्या आवाजाच्या मागे लागलेले लोक जुनी एचएम-टू धुंडाळू लागले. शेवटी २०२१ साली कंपनीने ते नव्याने काढले. हा किस्सा मी पाहुण्यांना दहा वेळा तरी सांगितला असेल. त्यातली खरी मेख बटणे पिळण्यात आहे, हे मात्र सांगताना माझ्या कधी लक्षात आले नाही.

माझ्या संग्रहाचा मुकुटमणी म्हणजे जुने हिरवे ट्यूब स्क्रीमर. २०१७ साली मी त्याला साठ हजार येन मोजले. आपले सुमारे पस्तीस हजार रुपये. घरी सांगताना त्यातले एक शून्य माझ्या तोंडून गळाले. त्याच्या पोटात जेआरसी ४५५८ नावाची आठ पायांची एक चिप असते. तशी ती अगदी सामान्य, स्वस्त वस्तू. पण जुन्या चिपची गोडी नव्या पेडलला नाही, अशी शौकिनांची श्रद्धा आहे. माझीही होती. कंपनीने २००४ साली तेच पेडल पुन्हा काढले, तेही माझ्याकडे होते. ते मी फक्त तुलनेसाठी, म्हणजे तुच्छतेने पाहण्यासाठी ठेवले होते.

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दुपारी चिरंजीवांनी घोळ घातला. "बाबा, डोळे मिटून ओळखून दाखवा," तो म्हणाला. मी हसून तयार झालो. गिटार त्याच्या हातात, मी भिंतीकडे तोंड करून बसलेला. कधी जुने, कधी नवे, असे त्याने दहा वेळा वाजवले. सौ. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर खुणा करत होती. दहातली पाच उत्तरे बरोबर आली.

"नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती," चिरंजीव म्हणाले. सौ. काही बोलली नाही. तिने फक्त विचारले, "अहो, ह्याची खरी किंमत किती होती?" आणि त्या क्षणी माझ्याने खोटे बोलवले नाही.

आई इतका वेळ कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होती. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. पूर्वी ती गायची. बाबा गेल्यापासून तिचा मिरजेचा तंबोरा गवसणीतच आहे. ती नातवाला म्हणाली, "अरे, ते बटण जरा मागे घे बघू. अजून. आता केसभर पुढे. हं, आता छेड."

त्याने एकच तार छेडली. मघाचा कर्कशपणा गेला होता. सूर फुलून आला, त्याच्या पोटातून वरचे सूर एकामागून एक निघू लागले.

"जवारी लागली," आई म्हणाली.

मी चपापलो. तंबोऱ्याची तार घोडीवरून सरळ जात नाही. ती घोडीच्या पसरट पाठीला किंचित घासत जाते, आणि मध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवलेला असतो. त्या घासण्यातूनच तो झंकार आणि तो स्वयंभू गंधार येतो. पेडलमध्ये आवाजाच्या लाटेचे माथे छाटले जातात, आणि मूळ सुराबरोबर त्याचे वरचे सूर जोमाने उमटतात. दोन्हीकडे स्वच्छ सुरात थोडी खोट मुद्दाम घालायची. किती घालायची, ते कानाने ठरवायचे. धागा केसभर सरकला तर तंबोरा मुका होतो.

"हे कोणतं होतं रे? जुनं की नवं?" मी विचारले. ते नवे होते. मग जुन्यावरही आईने तसेच बटण लावून घेतले, आणि तेही तितकेच सुरेल वाजले. सात वर्षे मी पेडल उलटी करून त्यांचे नंबर वाचत होतो. बटणे मात्र कोणीतरी लिहून ठेवलेल्या खुणांवर नेऊन सोडत होतो. सौ.च्या प्रश्नाचे उत्तर कपाटाशेजारी गवसणीत उभे होते, आणि त्याच्या तारांना गंज चढला होता.

डिसेंबरात मी हिरवे जुने पेडल विकले. पंचावन्न हजार आले. सौ.ने आकडा ऐकला, वही उघडली आणि गंभीरपणे म्हणाली, "मग अशी आणखी दोन का नाही घेऊन ठेवलीत?"

त्यातले थोडे पैसे घेऊन मी तंबोरा मिरजेला नेला. तारा बदलल्या, कारागिराने घोडी घासून जवारी काढून दिली. घरी आणला त्या संध्याकाळी आईने गवसणी काढली. तंबोरा मांडीवर घेण्याआधी सवयीप्रमाणे मी भोपळ्याच्या तळाशी वाकून पाहू लागलो.

"काय शोधतोयस?" आईने विचारले.

"काही नाही," मी म्हणालो, आणि समोर बसून ऐकू लागलो.