थोरलीचं घंगाळ

२ मे, राजापूर
कार्डांचं पुडकं आत्यानं आज एकदाचं हाती दिलं. पणजोबांनी मुंबईहून, मांडवीच्या पेढीतून, थोरल्या भावाला लिहिलेली पाव आण्याची कार्डं. सगळी मोडीत. आधी आडवी रेघ ओढायची, तिला अक्षरं लटकवत जायचं, दोन शब्दांत जागा सोडायची नाही. ओळ मोठ्यानं म्हटली तरच सुटते. तांदळाचा भाव, कलमांच्या हिश्शाचा दावा, जैतापूरला बोट कधी लागणार.

४ मे
आश्विन, शके १८४०. म्हणजे ऑक्टोबर १९१८. मुंबईत तापाची साथ फार आहे, गावाहून कुणी बोटीनं येऊ नये, असं लिहिलंय. जूनमध्ये मुंबईत आलेला इन्फ्लुएंझा पावसाळा सरताना कितीतरी जास्त जोरानं उलटला. देशभर कोटीच्या वर माणसं गेली.
यानंतरचं कार्ड थेट माघातलं. त्यात मुलगी पाहिल्याचं, मुहूर्ताचं. मधलं एकही नाही. अशुभाचं पत्र वाचून झालं की फाडून टाकत, घरात ठेवत नसत.

५ मे
"अगं, थोरली गेली ना त्या साथीत. आमची आजी दुसरेपणाची," आत्या म्हणाली. थोरलीचं नाव मात्र तिलाही ठाऊक नाही. कार्डं पुन्हा सगळी चाळली. 'घरची मंडळी' यापलीकडे काही नाही. म्हशीचं नाव आहे त्यांत. त्या नेटक्या अक्षराचा मला राग आला.

८ मे
न्हाणीघरातलं घंगाळ चिंचेनं घासताना काठाखाली ठोक्यांची ओळ उमटली. चि. सौ. कां., पुढे नाव, शके १८३६. पणजीचं लग्न तर १९१९चं! हे थोरलीचं. लहानपणी आम्हा सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी यातच विसणलं जायचं. रात्रभर ते नाव मनात म्हणत राहिले.

११ मे
आत्यानं आज डब्यातून चांदीचा टाक काढला. नखाएवढा, कडी लावलेला, वर बाईची आकृती. दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात सवतीचा टाक बांधत, गेलेलीनं त्रास देऊ नये म्हणून. रीत भीतीपोटीचीच. पण आत्यानं पाहिलंय, सणावारी आजी आधी टाकाला नैवेद्य दाखवायची, मगच पानावर बसायची. मरेपर्यंत तो तिच्या गळ्यात होता. कधी न पाहिलेल्या बाईला पणजीनं जन्मभर सांभाळलं. चार वर्षं जिच्याशी संसार केला, तिचं नाव पणजोबांच्या लेखणीतून एकदाही उतरलं नाही.

१९ मे
चुलतभाऊ वंशावळ छापून घेतोय. त्याला नाव कळवलं. तो अडला: "तिला मूलबाळ नव्हतं, मग दाखवू कुठे?"
पणजोबांच्या शेजारी, पणजीच्या आधी, असं सांगितलं. खाली रेघ गेली नाही तरी चालेल. आणि पणजोबांनी लिहिलं नाही ते नाव आपण पूर्ण लिहायचं, घंगाळावर आहे तसंच.