गोळीचा खाडा पडू देऊ नका



हिशेब लिहिणे हा माझा पोटाचा धंदा आहे. बी.कॉम. झाल्यापासून मी कारकुनी करतो आणि उरलेल्या वेळात सूरजागड परिसरातल्या लोकांची रेशनकार्डाची, दाखल्यांची, दवाखान्याची कामे करून देतो. पण एक हिशेब मी २०१२ सालापासून मनातच ठेवत आलो आहे. तो माझ्या गोळ्यांचा. मला एच.आय.व्ही. आहे आणि रोज न चुकता औषध घेऊन मी तुमच्यासारखाच कामधंदा करतो आहे.

हे औषध कसे काम करते, हे आपल्या माणसांना कुणी नीट सांगत नाही. हा विषाणू शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशींमध्ये शिरतो आणि तिथेच वाढतो. ए.आर.टी.चे औषध त्याला मुळासकट काढत नाही, पण त्याची वाढ रोखून धरते. औषध सुटले की तो पुन्हा वाढू लागतो. मधूनमधून खाडे पडले तर त्याला त्या औषधाची सवय होते, मग तेच औषध लागू पडत नाही आणि दुसरे, अधिक त्रासाचे घ्यावे लागते. उलट, औषध नियमित घेतले आणि तपासणीत रक्तातला विषाणू सापडेनासा झाला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. माझ्या पत्नीची तपासणी वेळोवेळी होते. तिला लागण नाही.

सरकारने हे औषध मोफत द्यायला १ एप्रिल २००४ पासून सुरुवात केली. त्याआधी गरिबाला ते परवडतच नव्हते, आणि कितीतरी कमावती माणसे त्यापायी गेली. म्हणून मी या गोळीला फुकटची गोळी म्हणत नाही.

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. मी डबी उघडून मोजले. १३ गोळ्या शिल्लक होत्या. आमचे औषध मिळते जिल्ह्याच्या ठिकाणी, इथून सुमारे दीडशे किलोमीटरवर. एस.टी. बंद आणि रस्त्यावर नाकाबंदी. नाक्यावर एकच प्रश्न, "कुठे चाललात? कशासाठी? कागद दाखवा." साखरेच्या आजाराची गोळी माणूस चारचौघांत मागतो. माझी गोळी मागायची, तर आठ वर्षे झाकून ठेवलेली गोष्ट ओळखीच्या दहा माणसांसमोर सांगायची पाळी होती. रस्त्याच्या अंतरापेक्षा मला त्याचीच धास्ती अधिक वाटली.

त्या दिवसांत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नॅकोने, तीन महिन्यांचे औषध एकदम द्यावे आणि रुग्णाला जवळच्या केंद्रातूनही औषध घेता यावे, अशा सूचना दिल्या होत्या. समुपदेशक ताईंचा फोन आला, "तुमच्या डब्या तालुक्याच्या दवाखान्यात पाठवते, कुणाला तरी घ्यायला पाठवा." नेमका त्याच आठवड्यात मला ताप आला आणि घरातच वेगळे राहायला सांगितले गेले. पत्नीला सगळे माहीत होते, पण तिला गाडी येत नाही. शेवटी मी थोरल्या बहिणीला फोन लावला. तिच्या मुलाकडे मोटारसायकल आहे. आठ वर्षे जे बोललो नव्हतो ते दोन मिनिटांत बोललो.

ताई जरा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "जेवणाआधी घ्यायची का जेवल्यावर?"

"रात्री झोपताना," मी म्हणालो. तेव्हाच्या गोळीने गरगरायचे, म्हणून ती झोपताना घ्यायची असे. दोन गोळ्या उरल्या असताना भाच्याने डब्या आणून दिल्या. एकही खाडा पडला नाही.

टाळेबंदी उठली, पण आमच्या भागात रस्ता बंद होणे काही नवे नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट तुटते. २०२१ च्या अखेरीस एस.टी.चा संप सुरू झाला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. तेव्हाही गाडी नव्हती, पण मी घाबरलो नाही. ताईला माहीत होते.

म्हणून जे बंधू-भगिनी हे औषध घेतात, त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. साऱ्या गावाला सांगू नका, पण विश्वासाच्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. डबी संपायची वाट पाहू नका, तारखेच्या आधीच केंद्रात जा. समुपदेशकाचा फोन नंबर घरात लिहून ठेवा. नॅकोचा १०९७ हा मोफत नंबरही आहे. खोकला, ताप लांबला तर लपवू नका, कारण आपल्याला क्षयरोगाचा धोका जास्त असतो. २०२१ पासून सूरजागडच्या खाणीचे काम पुन्हा सुरू झाले आहे आणि बाहेरगावचे मजूर, ड्रायव्हर इकडे आले आहेत. त्यांच्यातले कुणी औषधावर असेल, तर गाव सुटले म्हणून औषध सोडू नये. आपल्या केंद्राकडून नाव बदलून घेऊन इथल्या जिल्ह्यातून ते घेता येते.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१७ चा एच.आय.व्ही.-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. या आजारावरून कुणाला कामावरून काढणे, दवाखान्यात उपचार नाकारणे, शाळेत मुलाला प्रवेश नाकारणे गुन्ह्यासारखेच गैर आहे. कोणाला सांगायचे हे रुग्णाने ठरवायचे, इतरांनी नव्हे. म्हणूनच मी या लेखाखाली नाव दिलेले नाही.

आणि घरच्या मंडळींना एक विनंती. एका ताटात जेवल्याने, एका पेल्याने पाणी प्यायल्याने हा रोग होत नाही. ज्या समाजाला महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली लढावे लागले, त्याने आपल्याच घरात कुणाचा पेला वेगळा ठेवू नये. घरात कुणी असे औषध घेत असेल, तर निदान रात्री एवढे विचारा, "गोळी घेतली का?"