ओठाला लागणारी कड

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मी गेलो होतो तो शहाजीराजांच्या मराठी नाटकांची हस्तलिखिते पाहण्यासाठी. १६८४ ते १७१२ या काळात गादीवर असलेल्या या राजाने कावेरीच्या काठी बसून मराठीत नाटके लिहिली, ही गोष्ट वर्गात शिकवताना मी अनेकदा सांगितली होती. कागद मात्र पाहिले नव्हते. ते पाहून झाल्यावर दुसऱ्या सरफोजीराजांच्या संग्रहातील पाश्चात्त्य संगीताच्या स्वरलिपीही पाहायला मिळाल्या. सरफोजीराजांच्या (१७९८ ते १८३२) दरबारात पाश्चात्त्य धर्तीचा बँड होता. त्या काळ्या ठिपक्यांतले मला काही कळत नाही. पण ही सुरावट फुंकणाऱ्यांच्या ओठांना काय होत असेल, असा एक विचित्र प्रश्न मनात आला, आणि धाकट्या भावाची आठवण झाली.

१९७८ सालची गोष्ट. भाऊ नववीत होता आणि शाळेच्या बँडात बिगुल वाजवीत असे. बिगुलाचे माउथपीस, म्हणजे ओठ टेकवायची ती पेल्यासारखी नळी, पितळेचे, वर निकेलचा मुलामा. वर्षानुवर्षे अनेक पोरांच्या तोंडी लागून तो कडेवर एका बाजूला उडालेला. भाऊ सांगे, तोंड कळकते. ओठांभोवती लाल चट्टा उठे, खाज सुटे, पुढे कातडी फाटे. मी तेव्हा महाविद्यालयातून सुटीत घरी आलेला, नुकतेच सौंदर्यशास्त्र वाचू लागलेला. रियाजाचा कंटाळा आला की ओठ दुखतात, असे मी त्याला चारचौघांत ऐकवले. साधनेवर एक व्याख्यानही दिले. त्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला त्याने बिगुल वाजवला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत परत केला. पुन्हा कोणतेही वाद्य हाती धरले नाही.

वास्तविक आमच्या आईला विचारले असते तरी पुरे होते. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, म्हणून तर दारोदार कल्हईवाले फिरत. थुंकी आणि घाम यांनीही उघड्या पितळेवर तोच हिरवा कळंक धरतो. पण चट्ट्याचे खरे कारण निघाले ते बारा-तेरा वर्षांनी, भावाच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखाली तसाच लाल डाग उठला तेव्हा. त्वचारोगतज्ज्ञांनी निदान केले की याला निकेल सोसत नाही. म्हणजे मुलामा उडाला होता तिथे पितळेची चव आणि शाबूत होता तिथे निकेलचा दाह, अशा दोहोंच्या मध्ये ते पोर फुंकीत होते.

त्यानंतर या कडेविषयी मी जमेल तेवढे वाचले आणि वाजवणाऱ्यांना विचारले. चांगल्या माउथपीसवर बहुधा चांदीचा मुलामा असतो. चांदी ओठाला धरून ठेवते असे वादक म्हणतात. मात्र हवेतल्या गंधकाने ती काळवंडते. सोने काळवंडत नाही आणि क्वचितच कोणाला बाधते. पण त्यावरून ओठ सरकतो अशी काहींची तक्रार, तर काहींना तेच हवे असते. उघड्यावर वाजवणाऱ्यांसाठी प्लास्टिकची कड निघाली आहे. मे महिन्यातल्या वरातीत उन्हाने तापलेली धातूची कड ज्याने ओठाला लावली असेल, त्याला तिचे महत्त्व सांगायला नको. आवाजावर या साऱ्याचा परिणाम किती? पितळी वाद्यात थरथरतात ते ओठच, कड त्यांना नुसता टेकू देते. पेल्याची खोली, भोकाची रुंदी, कडेचा आकार यांनी स्वर बदलतो. मुलाम्याने बदललेला श्रोत्याच्या कानाला सहसा कळत नाही. आपली तुतारी आणि इकडच्या देवळांतले कोंबू नावाचे शिंग यांना तर वेगळे माउथपीसच नसते. धातूचे अंगच ओठाला भिडते.

तंजावरच्या एका मराठी कुटुंबातील स्नेही मला एका नादस्वरवादकांकडे घेऊन गेले आणि आपल्या घरच्या, तमिळ वळणाच्या मराठीत दुभाषाचे काम करू लागले. या प्रदेशातील नरसिंगमपेट्टै गावच्या नादस्वराला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याचे लाकूड म्हणजे आपल्या खानदेशातला अंजन. जुन्या घरांतून निघालेले, मुरलेले असेल तर उत्तम. मी लाकडाबद्दलच विचारीत राहिलो. त्या गृहस्थांनी मात्र एक डबी उघडली. तीत दहा-बारा सीवाळि होत्या. सीवाळि म्हणजे तोंडात धरायची दुपदरी पाती. कावेरीकाठच्या, आपल्या बोरूशी नाते सांगणाऱ्या गवताची. इथे थरथरते ती पातीच, ओठ नव्हेत. तेव्हा पितळी वाद्याशी तुलना मर्यादेतच करायची. त्यांनी एकेक तोंडात ओली करून फुंकली. तिसरी आणि पाचवी मला अगदी सारखी वाटली. तसे म्हणालो. ते म्हणाले, ऐकणाऱ्याला सारखीच. मला ही टोचते. आणि तिसरी बाजूला टाकली.

ज्या मजकुरावर मी चाळीस वर्षे अभिप्राय देत आलो, तो लिहिणाऱ्याला कुठे टोचत होता हे मला किती वेळा कळले असेल, असे त्या क्षणी वाटून गेले. असो.

रात्री मुक्कामावरून भावाला फोन केला. बिगुलाचे नाव काढताच तो हसला. "दादा, सत्तेचाळीस वर्षं झाली. अजून तेच घेऊन बसलायस?"

मी म्हणालो, "तेव्हा तुझं ऐकायला हवं होतं."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नव्हता. मग त्याने विचारले, "त्या पातीची चव कशी असते रे?"

मी ती तोंडाला लावलीच नव्हती.