जाड नव्हे, सुजलेलं बाळ

वाचकहो, नेहमी मी तुम्हाला आजार समजावून सांगतो. आज माझी एक चूक सांगतो.

इंटर्नशिपमध्ये माझी नेमणूक डहाणू तालुक्यात होती. एका पाड्यावरच्या अंगणवाडीच्या ताई दीड वर्षाच्या मुलाला आणि त्याच्या आईला घेऊन आल्या. वजन थोडंच कमी होतं, गाल भरलेले होते. मी टॉनिक लिहून दिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

ताई उठल्याच नाहीत. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पोर भरलेलं नाही, सुजलंय. आठ दिवसांपूर्वी चालत होतं, आता पाय टाकत नाही." त्यांनी मुलाच्या दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरला. उचलला तेव्हा तिथे खळगा तसाच राहिला.

मी वरमलो. तीव्र कुपोषणात काही मुलांच्या अंगात पाणी साठतं. त्यामुळे वजन फसवं दिसतं. लहान मुलाच्या दोन्ही पावलांवर कुपोषणामुळे अशी सूज असेल, तर वजन कितीही असो, ते तीव्र कुपोषणच असतं. अशा मुलाची साखर अचानक उतरते, साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. त्याला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. पोर वाचलं. माझ्या टॉनिकवर राहिलं असतं, तर कदाचित वाचलं नसतं.

त्या ताई कोसबाडला शिकलेल्या होत्या, अनुताई वाघांच्या संस्थेत.

अनुताईंचा जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न, आणि सहा महिन्यांत वैधव्य. तरीही त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांबरोबर काम करायला बोर्डीला आल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर राहिल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना दोष न देता या दोघींनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी शिकणार कशी? म्हणून शाळेला लागूनच पाळणाघर. १९८५ मध्ये अनुताईंना पद्मश्री मिळाली. १९९२ मध्ये त्या गेल्या.

डॉक्टर म्हणून मला यातलं मर्म फार उशिरा कळलं. मी मूल टेबलावर पाच मिनिटं पाहतो. अंगणवाडीच्या ताई त्याला रोज अंगणात पाहतात. कालच्यापेक्षा आज ते मलूल आहे, हे माझ्या कुठल्याच तपासणीत येत नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, तर दर महिन्याला अंगणवाडीत त्याचं वजन करून घ्या. सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाचा दंड पट्टीने मोजून घ्या. साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर थांबू नका. दोन्ही पावलं अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहा. खळगा राहिला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कारण कुठलंही असो, अशी सूज अंगावर काढायची नसते.

आणि तुमच्या ताई म्हणाल्या, "डॉक्टरांना पुन्हा दाखवा," तर जरूर दाखवा. डॉक्टर चिडले तरी चालेल. मीही चिडलो होतो.